कुठल्या दारापासून?

शाळा लांब आहे की जवळ, हे ठरवायचं तर मोजपट्टीचं एक टोक शाळेच्या फाटकाला लावायचं आणि दुसरं मुलाच्या घराच्या दाराला. यात अवघड ते काय, असं वाटेल. पण मुलांना सरकारी खर्चाने शाळेत नेण्याचा जो दीडशे वर्षांचा इतिहास आहे, तो बराचसा या दोन टोकांवरून झालेल्या भांडणांचा आहे. फाटक जागचं हलत नाही. दार हलतं. गेल्या काही वर्षांत न्यूयॉर्क शहरात अशी हजारो मुलं शाळेत दाखल झाली, ज्यांच्या दारावर हॉटेलच्या खोलीचा नंबर होता, आणि साठ दिवसांनी ती खोली सोडायची होती. काहींना तर दारच नव्हतं, तंबूचा पडदा होता. त्यांना शाळेत नेणारी बस कुठून निघायची?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेने कायद्यात लिहून ठेवलं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण ते उत्तर इतक्या उशिरा का आलं, हे कळायचं तर थोडं मागून यायला हवं.

इंग्लंडमध्ये १८७० साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि स्थानिक शाळा मंडळांना हजेरीची सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. सक्ती आली की सबबी येतात. कुठली सबब चालेल, हेही मग कायद्यालाच लिहावं लागलं. मूल आजारी असेल तर चालेल, आणि जवळच्या रस्त्याने मोजून तीन मैलांच्या आत शाळाच नसेल तर चालेल. तीन मैल म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. तेवढं मुलाने सकाळी चालावं आणि संध्याकाळी पुन्हा चालावं, हे तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्याने यात फरक केला: आठ वर्षांखालच्या मुलासाठी दोन मैल, त्यापुढे तीन. यापेक्षा लांबच्या मुलाला नेण्याची सोय स्थानिक प्रशासनाने केली नसेल, तर मूल शाळेत येत नाही म्हणून आईबापांवर खटला चालवता येणार नाही. हेच आकडे तिथे आजही चालतात.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथल्या सरकारने बस दिली ती दयेपोटी नव्हे. ‘मूल शाळेत पाठवलंच पाहिजे’ असं म्हणण्याचा अधिकार हवा असेल तर ‘कसं पाठवू?’ या प्रश्नाचं उत्तरही देणं भाग आहे, या हिशेबातून ती आली. शाळेची बस ही सक्तीची दुसरी बाजू आहे. मुलाच्या आईबापांचं नागरिकत्व कोणतं, हा प्रश्न या हिशेबात मुळात येतच नाही.

आकडा ठरला तरी वाद मिटत नाही. एसेक्स काउंटीतली एक मुलगी शाळेपासून तीन मैलांच्या किंचित आत राहत होती, पण ते अंतर होतं शेतांमधून जाणाऱ्या निर्जन पायवाटेचं. वाटेवर दिवे जेमतेम, पावसाळी दिवसांत चिखल. नीट रस्त्याने मोजलं तर तीन मैलांच्या वर भरत होतं. आईबाप म्हणाले, त्या वाटेने आम्ही पोरीला एकटी पाठवणार नाही. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९८६ मध्ये निकाल लागला: मोठं माणूस सोबत असताना मूल ज्या वाटेने बऱ्यापैकी सुरक्षित जाऊ शकतं, ती वाट ‘उपलब्ध’ मानायची. कुटुंब हरलं. सोबत जाणारं मोठं माणूस रोज सकाळ-संध्याकाळ कुठून आणायचं, हा आईबापांचा प्रश्न राहिला. परक्या गावात नुकत्याच येऊन पडलेल्या, दोन तान्ह्या भावंडांना सांभाळणाऱ्या आईच्या बाबतीत हा निकाल किती जड जातो, ते सांगायला नको.

कारण इंग्लंडमध्ये आश्रय मागणाऱ्या गरीब कुटुंबाला राहायला जागा मिळते ती सरकार पाठवेल त्या गावात, निवडायला वाव नसतो. निदान शाळेच्या प्रवासाबाबत तिथला कायदा त्यांच्याकडे वेगळं बघत नाही. उलट, ज्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळतं त्यांना प्रवासाच्या नियमातही सूट आहे, आणि आश्रय मागणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत ही मोफत जेवणाच्या पात्रतेत मोजली जाते. म्हणजे जेवणाच्या यादीत नाव लागलं की बसच्या यादीचं दारही उघडतं.

इथे दोन शब्दांतला फरक सांगून ठेवतो, कारण वर्तमानपत्रांत ते सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘निर्वासित’ म्हणजे ज्याचा धोका खरा आहे हे मान्य होऊन ज्याला तो दर्जा मिळाला आहे तो. ‘आश्रय मागणारा’ म्हणजे परक्या देशाच्या दारात येऊन तो दर्जा मागणारा. त्याचा अर्ज अजून पडून आहे. ही वाट बघणं वर्षानुवर्षं चालू शकतं. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या २२ व्या कलमात म्हटलं आहे की निर्वासितांना प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत देशातल्या नागरिकांसारखीच वागणूक द्यावी. रस्त्याचा उल्लेख त्यात नाही. शाळेचं दार उघडं ठेवा एवढंच करार सांगतो. तिथवर मूल कसं पोचणार, ते प्रत्येक देशाने आपापलं बघायचं.

आता अमेरिकेकडे वळू.

पिवळी स्कूलबस आपण सगळ्यांनी सिनेमात पाहिली आहे. तिची आजी म्हणजे घोडागाडी. शेतावर वापरायच्याच गाडीला दोन्ही बाजूंनी लांब बाकं ठोकायची, वर ताडपत्री घालायची आणि मुलं चढायची ती मागच्या दाराने, म्हणजे पुढचे घोडे बुजायला नकोत. घोडे गेले, इंजिन आलं, तरी मागचं दार राहिलं. आजच्या बसमध्ये ते संकटकाळी बाहेर पडायचं दार म्हणून आहे. मुलांच्या वाहतुकीवर जनतेचा पैसा खर्च करायला परवानगी देणारा पहिला कायदा मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६९ मध्ये केला. १९१९ पर्यंत तेव्हाच्या सर्व ४८ राज्यांत असे कायदे झाले होते. खेड्यापाड्यांतल्या एकखोली शाळा बंद करून मोठ्या मध्यवर्ती शाळा काढायच्या, तर मुलांना आणणं आलंच.

बसला एक रंग, एक घडण आली ती १९३९ मध्ये. फ्रँक सायर हे न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधले प्राध्यापक. त्यांनी देशभर फिरून मुलं कशाकशातून शाळेत जातात ते पाहिलं होतं. कॅन्ससमध्ये एका ठिकाणी तर गहू वाहून नेण्याच्या गाडीतून जात होती. बसगाड्यांचे रंगही मनाला येतील तसे होते, देशप्रेम रुजावं म्हणून काही ठिकाणी लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या. सायर यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानकडून मिळालेल्या ५ हजार डॉलरांतून सात दिवसांची परिषद भरवली. राज्यांचे अधिकारी आले, बस बनवणारे आले, रंग बनवणारे आले. भिंतीवर रंगांच्या पट्ट्या लावल्या होत्या, फिकट लिंबासारख्या पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंत. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात काळी अक्षरं ज्यावर सगळ्यात स्पष्ट उठतील, अशी पिवळी छटा त्यातून निवडली. परिषदेने ४४ मानकं ठरवली. आज रोज दोन कोटींहून जास्त मुलं त्या रंगाच्या बसने शाळेत जातात.

पण ही बस सगळ्यांसाठी नव्हती. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत १९४७ मध्ये गोऱ्या मुलांसाठी ३० बस होत्या आणि काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. काही मुलं नऊ-नऊ मैल चालत होती. पालकांनी वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सारखी बंद पडायची आणि तिचं पेट्रोल भागवणंही त्यांना झेपेना. तेव्हा लेव्हाय पिअर्सन नावाच्या एका काळ्या शेतकऱ्याने, धर्मोपदेशक जोसेफ डिलेन यांच्या पाठबळावर, शाळा मंडळाकडे बस मागणारा अर्ज केला. मागणी एवढीच: एक बस. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९४८ मध्ये फेटाळलं गेलं. कारण काय, तर पिअर्सन यांची जमीन दोन शाळा-विभागांच्या हद्दीवर पसरली होती; मुलं ज्या विभागातल्या शाळेत जात होती त्या विभागात ते कर भरत नव्हते. म्हणजे त्यांचं दार चुकीच्या हद्दीत निघालं.

त्या माणसाला याची फार मोठी किंमत मोजावी लागली. कुणी त्यांना उधार देईना, कापणीच्या दिवसांत कुणी यंत्र भाड्याने देईना. पण त्या एका बसच्या अर्जातूनच पुढे सबंध समान शिक्षण मागणारा ‘ब्रिग्ज विरुद्ध एलियट’ हा खटला उभा राहिला. वकील थर्गुड मार्शल यांनी तो चालवला, आणि १९५४ मध्ये काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ निकालात सामील झालेल्या खटल्यांपैकी तो एक होता. अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणविषयक निकालाकडे जाणारी एक वाट सुरू झाली ती एका न मिळालेल्या बसपासून. हे वाचल्यावर पिवळ्या बसकडे नुसती गोंडस गाडी म्हणून बघणं मला जमलेलं नाही.

कागद नसलेल्या परदेशी मुलांचा प्रश्न कोर्टात आला तो १९७७ मध्ये, टेक्सासमधल्या टायलर गावातून. राज्याने कायदा करून ठेवला होता की बेकायदा आलेल्या मुलांना शाळेने घेतलं नाही तरी चालेल. टायलरच्या शाळा मंडळाने अशा मुलांकडून वर्षाला १ हजार डॉलर फी मागितली. मेक्सिकोहून आलेल्या मजूर आईबापांना ते अशक्य होतं. चार कुटुंबं कोर्टात गेली. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली, लोकांच्या नजरेला पडून त्या कुटुंबांना त्रास होऊ नये म्हणून. आईबाप आले ते घरचं होतं नव्हतं ते सामान गाडीत भरून. त्यांना वाटत होतं, कोर्टातून आपल्याला थेट सीमेपलीकडे पाठवतील. पाचांविरुद्ध चार अशा मताने १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात निकाल दिला: मूल कुठल्या कागदावर देशात आलं यावरून त्याला सरकारी शाळेतून वगळता येणार नाही.

शाळेचं दार उघडलं. रस्त्याचं काय? त्याचं उत्तर सहा वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच न्यायालयाने दिलं आणि ते निराश करणारं होतं. नॉर्थ डकोटातल्या डिकिन्सन गावच्या शाळेने बससाठी एका मुलामागे वर्षाला ९७ डॉलर घ्यायला सुरुवात केली होती. शाळेपासून सुमारे १६ मैलांवर राहणाऱ्या एका गरीब कुटुंबाने ते द्यायचं नाकारलं आणि वर्षभर मुलीला स्वतःच्या गाडीने सोडलं. त्यापायी हजार डॉलरांहून जास्त गेले. न्यायालय पुन्हा पाचांविरुद्ध चार असं विभागलं, पण या वेळी कौल उलटा पडला. शाळेत नेऊन सोडणं हे घटनेने दिलेलं देणं नाही, त्यासाठी पैसे मागितले तरी चालतील. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की मनात एकच चित्र उभं राहतं: एक उघडं दार आणि त्याच्याकडे न जाणारा रस्ता.

ही फट बुजवली ती संसदेने, आणि ती निर्वासितांचा विचार करून नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या शहरांत बेघर कुटुंबांची संख्या वाढत चालली होती. १९८७ मध्ये बेघरांच्या मदतीचा कायदा झाला. त्याला पुढे दोन खासदारांचं नाव मिळालं: कनेटिकटचे रिपब्लिकन स्ट्युअर्ट मॅकिनी आणि मिनेसोटाचे डेमोक्रॅट ब्रूस व्हेन्टो. या मॅकिनी-व्हेन्टो कायद्यात बेघर मुलाची व्याख्या आहे: ज्याला रात्री झोपायला कायमची, नेमाची आणि पुरेशी जागा नाही ते मूल. यात सरकारी निवाऱ्यात राहणारं मूल येतं, गाडीत झोपणारं येतं, लॉजमध्ये राहणारं येतं आणि घर गेलं म्हणून कुणा नातेवाइकाच्या घरात दाटीवाटीने राहणारंही येतं. व्हिसाचा, नागरिकत्वाचा शब्द त्यात नाही. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, पत्त्याचा पुरावा हाती नसला तरी शाळेने अशा मुलाला लगेच दाखल करून घ्यायचं आणि कागद मागाहून गोळा करायचे.

याच कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली, तिच्यासाठी मी हे सगळं सांगत आलो. निवारा बदलला म्हणून मुलाची शाळा बदलणार नाही. मूल ज्या शाळेत होतं ती त्याची ‘मूळ शाळा’. आईबापांची इच्छा असेल आणि मुलाच्या हिताचं असेल तोवर ते तिथेच शिकेल, आणि त्याला तिथवर आणण्याची जबाबदारी शिक्षण विभागाची. नवा निवारा दुसऱ्या विभागाच्या हद्दीत असेल तर दोन्ही विभागांनी आपसांत ठरवावं. नाही ठरलं, तर खर्च निम्मा निम्मा. २०१५ च्या दुरुस्तीनुसार वर्षाच्या मध्येच कुटुंबाला कायमचं घर मिळालं तरी ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत बस चालूच राहते. प्रत्येक विभागात या मुलांसाठी एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो.

आता ती मोजपट्टी आठवा. इंग्लंडच्या कायद्याने घर पक्कं धरलं आणि तिथून शाळेचं अंतर मोजलं. क्लॅरेंडन काउंटीच्या प्रकरणात कोर्टाने घर पाहिलं, हद्द पाहिली आणि माणसाला परत पाठवलं. मॅकिनी-व्हेन्टोने मोजपट्टीच फिरवली: शाळा पक्की धरली. घर कुठेही जावो. ज्या मुलाच्या आयुष्यात बाकी सगळं सुटत चाललं आहे त्याची एक खुर्ची, एक बाई, डबा खाताना शेजारी बसणारी एक मैत्रीण, एवढं तरी जागेवर ठेवायचं, हा यामागचा विचार आहे.

टेक्सासच्या गव्हर्नरांनी ऑगस्ट २०२२ मध्ये सीमा ओलांडून आलेल्या लोकांना बसमध्ये बसवून न्यूयॉर्कला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा या कायद्याची खरी परीक्षा झाली. व्हेनेझुएला, इक्वाडोर, कोलंबिया अशा देशांतून, आणि पुढे पश्चिम आफ्रिकेतूनही लोक आले. पोर्ट ऑथॉरिटीच्या बसस्थानकावर पहाटे उतरलेल्या मुलांनी जंगलं, नद्या आणि अनेक सीमा मागे टाकल्या होत्या. २०२२ पासून दोन-अडीच वर्षांत शहरात आलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या वर गेला. न्यूयॉर्कवर १९८१ च्या एका न्यायालयीन तडजोडीपासून निवारा देण्याचं बंधन आहे. त्यामुळे शहराने हॉटेलं घेतली, मैदानांवर तंबू उभारले. ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळच्या जुन्या रूझवेल्ट हॉटेलात नोंदणी केंद्र सुरू झालं.

शाळेत नाव घालताना न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व विचारत नाहीत. निवाऱ्यात राहणारं मूल सहावीपर्यंतचं असेल तर त्याला पिवळी बस मिळते. बसची सोय होऊ शकली नाही, तर पालकाला मुलासोबत जाता यावं म्हणून मेट्रोचा पास मिळतो. सातवीपासून पुढच्या मुलांना स्वतःचं कार्ड. २०२४ च्या सप्टेंबरपासून विद्यार्थ्यांच्या या कार्डावर दिवसाला चार फेऱ्या मोफत आहेत, कुठल्याही वेळी आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आधीच्या कार्डावर तीन फेऱ्या होत्या, त्याही फक्त शाळेच्या दिवशी. फरक छोटा वाटेल, पण रविवारी वाचनालयात जायचं तर तो पंधरा वर्षांच्या मुलाला फार मोठा आहे.

कागदावर हे सगळं चोख आहे. प्रत्यक्षात शहराने २०२३ च्या अखेरीस नियम आणला की नव्याने आलेल्या कुटुंबांनी साठ दिवसांनी निवारा सोडायचा आणि हवा असेल तर पुन्हा अर्ज करायचा. नवी जागा दुसऱ्याच उपनगरात मिळू शकत होती. ब्रुकलिनच्या टोकाला, खाडीकाठच्या फ्लॉइड बेनेट फील्ड या जुन्या विमानतळावर कुटुंबांसाठी तंबू होते. वस्ती तिथून लांब. ९ जानेवारी २०२४ ला वादळाच्या भीतीने तिथल्या जवळजवळ १,९०० माणसांना रात्रीपुरतं ब्रुकलिनमधल्या जेम्स मॅडिसन हायस्कूलमध्ये हलवलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या विद्यार्थ्यांना घरून ऑनलाइन वर्ग करावा लागला आणि पालकांत संताप उसळला. निवाऱ्यातली मुलं मात्र रात्री परत तंबूत जाऊन सकाळी उठली होती. कुणाची शाळा बुडाली आणि कुणाची झोप, याचा हिशेब करताना मला दोन्हीकडची मुलं डोळ्यांसमोर येतात. पण चर्चा झाली ती एकाच बाजूची.

निवारा बदलला की बसचा मार्ग बदलायचा असतो. न्यूयॉर्कच्या पिवळ्या बस रोज सुमारे दीड लाख मुलांना नेतात; त्या बहुतेक खासगी कंत्राटदारांच्या आहेत आणि मार्ग शहराचं खातं आखतं. एका मुलाचा थांबा पंधरा मैल सरकला की आधीच भरलेल्या मार्गात त्याला बसवावं लागतं आणि त्यात दिवस जातात. तोवर आई दोन गाड्या बदलून मुलाला सोडते आणि तिचं दिवसाचं काम बुडतं. बस मिळाल्यावरही सहा वर्षांचं मूल सकाळी अंधारात चढून तासाहून जास्त प्रवास करतं. अशा मुलाने जवळच्या नव्या शाळेत जाणं बरं, असं कुणी म्हटलं तर ते अगदी चूक नाही. कायदाही मूळ शाळेची सक्ती करत नाही, निवड देतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की निवड आईबापांची आहे. बस नाही म्हणून ती कुणी त्यांच्यावर लादत नाही. २०२३-२४ या वर्षात न्यूयॉर्कच्या शाळांतली सुमारे १ लाख ४६ हजार मुलं वर्षात कधी ना कधी बेघर होती, म्हणजे आठांत एक. त्यांतली असंख्य मुलं त्याच शहरात जन्मलेली आहेत. आश्रय मागायला आलेल्या मुलांना वेगळी बस नाही, या सगळ्यांना एकच कायदा आणि एकच बस आहे.

आपल्याकडे या चित्रातले काही तुकडे आहेत. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटरच्या आत शाळा, हे अंतर धरलेलं आहे. मोजतात ते घरापासूनच. मी स्वतः आठवी ते दहावी एसटीच्या पासवर शिकलो. पिशवीच्या खणात प्लास्टिकच्या पाकिटात तो पास असायचा, कडा पावसाने फुगलेल्या. फरशी पूल पाण्याखाली गेला की गाडी अलीकडच्या फाट्यावरूनच वळायची आणि आमची शाळा तीन-चार दिवस बुडायची. हजेरीपटावर आमच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागायचं. गाडी गैरहजर होती, आम्ही नव्हे, हे कुणाला सांगावं ते तेव्हा कळत नव्हतं. राज्याच्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी धावणारी निळी बस मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा पहिली आठवण त्या फाट्याची झाली. बारावीपर्यंतच्या मुलींना ती मोफत आहे, आणि गावाबाहेरच्या शाळेत जायचं म्हणून मुलीचं शिक्षण थांबवणाऱ्या घरांत तिने फार मोठं काम केलं आहे.

निर्वासित मुलांची शाळाही महाराष्ट्राने पाहिली आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. त्यांच्या शाळा छावणीतच होत्या, पोलिश भाषेतल्या. अंतराचा प्रश्नच उरला नव्हता.

पण दार हलणारी मुलं म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर येतात ती ऊसतोड कामगारांची. दिवाळीनंतर बीडकडून निघायचं, पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात पालात राहायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. आपल्याकडे अशा मुलांसाठी दोन मार्ग काढले गेले. गावातच हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप गेले तरी मूल मूळ शाळेत राहील. किंवा शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते कार्ड पाहून त्याला बसवून घ्यावं. पहिल्यात शाळा टिकते पण आईबाप लांब जातात. दुसऱ्यात आईबाप सोबत असतात, पण ऊस ज्या शिवारात त्या शिवारापासून शाळा किती लांब आणि तिथवर कोण नेणार, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. साखर कारखान्यांच्या परिसरात पहाटे गाड्या सुरूच असतात. त्यांतली एखादी पालांवरून शाळेकडे जावी, एवढं मागणं मोठं नाही.

अमेरिकेत बेघर मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्यांनी बसचे मार्ग आखणाऱ्यांना एक साधी सूचना करून ठेवली आहे. निवाऱ्यातल्या मुलाला सकाळी सगळ्यांत आधी घ्यावं आणि दुपारी सगळ्यांत शेवटी सोडावं. पहिल्या थांब्यावर ते चढतं तेव्हा बस रिकामी असते. नंतर चढणाऱ्या मुलांना ते आधीच खिडकीशी बसलेलं दिसतं, दप्तर मांडीवर घेऊन, बाकीच्यांसारखंच. दुपारी एकेक मूल आपापल्या थांब्यावर उतरून जातं, बस रिकामी होते, आणि मग ते मूल उतरतं तेव्हा ते कुठल्या दारातून आत गेलं हे पाहायला बसमध्ये चालकाशिवाय कुणी नसतं.